विषाणूची शेवटची कुपी : जाळावी की जपावी?

विशेष प्रतिनिधी

एखाद्या रोगाने लक्षावधी जीव घेतले, अखेर त्यावर उपाय सापडला, शेवटचा रोगी बरा झाला आणि त्या रोगाचा विषाणू केवळ एका बंद कुपीत उरला. अशा वेळी त्या कुपीचे काय करावे? ज्यांची माणसे गेली ते ती जाळून टाका म्हणतील. ज्यांना पुढच्या साथीची धास्ती आहे ते ती जपून ठेवा म्हणतील. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानमालिकेच्या एका भागात २००३ मध्ये हा प्रश्न उपस्थित झाला आणि अंतराळयानाच्या कप्तानाने त्याचा निकाल जागच्या जागी लावला. प्रत्यक्ष जगात देवीच्या विषाणूबाबत हाच प्रश्न १९८० पासून भिजत पडला आहे. दीडशेहून अधिक देश त्यावर पुन्हा पुन्हा चर्चा करतात आणि प्रत्येक वेळी निर्णय पुढे ढकलतात.

'स्टार ट्रेक' हे नाव मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. या मालिकेची मूळ आवृत्ती १९६६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरही दाखवली गेली. पुढे त्याच विश्वातील अनेक नव्या मालिका निघाल्या. त्यांपैकी 'स्टार ट्रेक : एंटरप्राइज' या मालिकेच्या तिसऱ्या पर्वातील 'एक्स्टिंक्शन' हा भाग २४ सप्टेंबर २००३ रोजी अमेरिकेत प्रसारित झाला. या नावाला मराठीत 'निर्वंश' हा शब्द चपखल बसतो; कारण कथा आहे ती निर्वंश होऊ घातलेल्या एका जमातीची.

माणसाचे परकीयात रूपांतर

कथा अशी आहे. पृथ्वीवर झालेल्या एका भीषण हल्ल्याच्या सूत्रधारांचा माग काढत 'एंटरप्राइज' हे यान अंतराळाच्या अपरिचित भागात शिरते. कप्तान जोनाथन आर्चर, शस्त्राधिकारी माल्कम रीड, भाषातज्ज्ञ होशी सातो आणि व्हल्कन वंशाची अधिकारी टी'पॉल असे चौघे एका निबिड अरण्याच्या ग्रहावर उतरतात. थोड्याच वेळात आर्चर, रीड आणि सातो यांचे चेहरे व हाडे बदलू लागतात. ते आपली भाषा विसरतात आणि कधीही न ऐकलेल्या भाषेत बोलू लागतात. ज्या नगराचे नावही त्यांना ठाऊक नव्हते, त्या 'उर्क्वाट'कडे जाण्याची अनावर ओढ त्यांना लागते. टी'पॉलच्या शरीरात मात्र हा बदल पूर्ण होत नाही.

रूपांतर झालेल्या रीडला त्याचेच सहकारी पकडून यानावर आणतात. यानावरील डॉक्टर फ्लॉक्स त्याची तपासणी करतात, तेव्हा एक विषाणू त्याच्या पेशींमधील डीएनए नव्याने लिहीत असल्याचे उघड होते. दरम्यान दुसऱ्या एका जमातीची जहाजे तेथे येऊन थडकतात. या विषाणूने त्यांच्या लोकांचा प्रचंड संहार केलेला असतो. त्यांचा नियम सरळ आहे : ज्याला लागण झाली, त्याला जाळायचे. भागाच्या पहिल्याच प्रसंगात संरक्षक पोशाख घातलेली माणसे एका बाधिताचा पाठलाग करून त्याला अग्नीच्या झोताने मारताना दिसतात.

या विषाणूची जन्मकथा हा भागाचा गाभा आहे. 'लोकेक' नावाच्या जमातीची प्रजननक्षमता संपली होती. आपला वंश टिकवण्यासाठी तिने हा विषाणू तयार केला. तो ज्याच्या शरीरात जाईल त्याला लोकेक बनवील, अशी ती योजना होती. म्हणजे पोटी मूल होत नाही म्हणून दुसऱ्याची मुले पळवून आपली करावीत, तसा हा प्रकार. अखेर टी'पॉलच्या शरीराने दाखवलेल्या प्रतिकाराच्या आधारे फ्लॉक्स प्रतिविषाणू तयार करतात आणि तिघेही मूळ रूपात परततात. विषाणूचा उरलेला नमुना नष्ट करण्याचा विषय निघतो, तेव्हा आर्चर तो गोठवून जपून ठेवण्यास सांगतो. लोकेक जमातीची तेवढीच एक खूण उरली आहे, हे त्याचे कारण.

या भागाचे लेखक आंद्रे बोर्मानिस हे 'स्टार ट्रेक' मालिकांचे विज्ञान सल्लागार म्हणून ओळखले जात. दिग्दर्शक लेव्हार बर्टन यांची ओळख प्रेक्षकांना अभिनेता म्हणून अधिक होती. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'मध्ये ते अभियंता जॉर्डी ला फोर्ज यांची भूमिका करीत. त्या मालिकेच्या १९९१ मधील 'आयडेंटिटी क्रायसिस' या भागात एका परजीवीमुळे याच जॉर्डीचे परकीय प्राण्यात रूपांतर होऊ लागते. तेथेही सहकारी वेळेवर पोचतात म्हणून तो वाचतो. रूपांतर पूर्ण झालेल्यांना मात्र परत आणता येत नाही. १९९४ मधील 'जेनेसिस' या भागात तर यानावरील एका रोग्याला दिलेले औषधच उलटते आणि सारे कर्मचारी उत्क्रांतीच्या मागच्या पायऱ्यांवर घसरतात. कोणी आदिमानव होतो, कोणी उभयचर, तर एक जण चक्क कोळी. कोळी हा माणसाचा पूर्वज नव्हे, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत घेतला जातो.

विषाणू खरोखर जनुके बदलतो का?

आता विज्ञानाकडे वळू. विषाणू हा सजीव आणि निर्जीव यांच्या सीमेवरचा घटक. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेले थोडेसे जनुकीय साहित्य, एवढाच त्याचा पसारा. स्वतःची प्रत काढण्याची यंत्रणा त्याच्यापाशी नसते. म्हणून तो पेशीत शिरतो आणि तिची यंत्रणा स्वतःच्या कामाला जुंपतो. या दृष्टीने पाहिले तर लोकेक जमातीने आपल्या विषाणूकडून वेगळे असे काहीच करवून घेतले नाही. परक्या शरीराच्या बळावर आपला वंश वाढवणे हा प्रत्येक विषाणूचा स्वभावच आहे.

काही विषाणू याही पुढे जातात. रेट्रोव्हायरस या गटातील विषाणू आपल्या आरएनएची डीएनएमध्ये नक्कल करतात आणि ती नक्कल पेशीच्या डीएनएमध्ये कायमची घुसवतात. एचआयव्ही हा याच गटातला. ही उलटी नक्कल करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले. १९७५ मध्ये त्यांना रेनातो दुल्बेको यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा विषाणू माणसाच्या पेशीतील जनुकीय मजकूर बदलतो, हे मालिकेतील विधान मुळात खोटे नाही.

किंबहुना प्रत्येक माणूस अशा घुसखोरीचे ओझे जन्मजात वाहतो. मानवी जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहे. लक्षावधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींना त्यांची लागण झाली आणि तो मजकूर पिढ्यान्‌पिढ्या पुढे येत राहिला. त्यातील बहुतेक भाग निष्क्रिय आहे; सगळा मात्र नाही. 'सिन्सिटिन' हे प्रथिन अशाच एका विषाणूच्या जनुकापासून बनते आणि गर्भाशयातील वार तयार होण्यास मदत करते. त्याची ही ओळख २००० मध्ये पटली. ज्या जनुकाने एके काळी विषाणूला पेशीत शिरायला मदत केली, तेच आज आईच्या पोटात बाळाचे पोषण होण्यास हातभार लावते.

मग अडते कुठे?

असे असले तरी तासाभरात माणसाचा परग्रहवासी होणे अशक्य आहे. त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण प्रमाणाचे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. एचआयव्हीचा संपूर्ण मजकूर दहा हजार अक्षरांहूनही कमी आहे. जनुकोपचारात वापरल्या जाणाऱ्या एएव्ही या विषाणूत जेमतेम ४,७०० अक्षरे मावतात. एका संपूर्ण जमातीचा आराखडा एवढ्या पिशवीत भरता येत नाही. दुसरे कारण संख्येचे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी असतात. त्या सर्वांपर्यंत काही तासांत पोचून प्रत्येकीत अचूक बदल करणे कोणत्याही ज्ञात विषाणूला जमणारे नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. जनुके म्हणजे तयार इमारतीचे छायाचित्र नव्हे. त्या बांधकामाच्या क्रमाने द्यायच्या सूचना आहेत. नाक कुठे यावे, कवटीचा आकार कसा असावा, हे गर्भावस्थेत आणि वाढीच्या वयात ठरते. घर बांधून झाल्यावर नकाशावरच्या रेषा बदलल्या म्हणून भिंती सरकत नाहीत. प्रौढ माणसाच्या हाडांच्या पेशींतील जनुके बदलली, तरी चेहरा नव्याने घडणार नाही. भाषेचे तर बोलायलाच नको. भाषा शिकण्याची क्षमता जनुकांच्या आधाराने येते. भाषा मात्र माणूस माणसांत राहून शिकतो. एखाद्या नगराचे नाव आणि त्याची ओढ डीएनएमध्ये लिहून ठेवता येत नाही.

तथापि, विषाणू शरीराचे रूप आणि वागणे काही अंशी बदलू शकतात, याचे पुरावे निसर्गात आहेत. न्यायशास्त्रात 'शशशृंग', म्हणजे सशाचे शिंग, हे अस्तित्वात नसलेल्या वस्तूचे ठरलेले उदाहरण. अमेरिकेत मात्र डोक्यावर शिंगांसारख्या वाढी असलेले ससे खरोखरच सापडत. या वाढी एका विषाणूमुळे होतात, हे रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. पेटन राउस यांनी १९११ मध्ये कोंबड्यांतील एका गाठीचे कारण विषाणू असल्याचे सिद्ध केले होते. त्याचे महत्त्व पटायला जगाला अर्धशतक लागले. त्यांना नोबेल मिळाले ते १९६६ मध्ये.

वागणुकीचे उदाहरण तर 'उर्क्वाट'च्या ओढीची आठवण करून देणारे आहे. बॅक्युलोव्हायरस गटातील एक विषाणू पतंगाच्या अळीला ग्रासतो. एरवी दिवसा झाडाखाली दडणारी अळी लागण झाल्यावर शेंड्याकडे चढते, तेथेच मरते आणि तिच्या विरघळलेल्या देहातून विषाणू खालच्या पानांवर सांडतो. या ओढीमागे विषाणूचे एकच जनुक आहे, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पिसाळलेल्या कुत्र्याचा चावरेपणा हा याच जातीचा प्रकार. रेबीजचा विषाणू लाळेतून पसरतो आणि चावण्याने त्याचे काम सोपे होते.

उपाय कसा सापडतो?

मालिकेत फ्लॉक्स यांना उपायाचा धागा मिळतो तो टी'पॉलच्या शरीरात. ज्याला रोग होत नाही त्याच्याकडून रोग्यासाठी औषध मिळवायचे, ही कल्पना वैद्यकाला जुनी आहे. एमिल फॉन बेरिंग यांनी १८९० च्या दशकात घटसर्पावर याच मार्गाने प्रतिविष तयार केले. त्यासाठी १९०१ चे, म्हणजे वैद्यकशास्त्राचे पहिलेच, नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. एचआयव्हीच्या बाबतीत 'बर्लिनचा रुग्ण' म्हणून ओळखल्या गेलेल्या टिमोथी रे ब्राउन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. रक्ताच्या कर्करोगासाठी त्यांच्यावर २००७ मध्ये अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण झाले. दात्याच्या पेशींमध्ये असा जनुकीय फरक होता की, एचआयव्हीला त्यांत शिरता येत नव्हते. ब्राउन एचआयव्हीमुक्त झाले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले ते कर्करोग उलटल्याने.

मात्र पेशीच्या डीएनएमध्ये शिरलेला मजकूर पुसून काढणे अत्यंत अवघड आहे. एचआयव्हीची औषधे विषाणूची वाढ रोखतात. पेशींत लपलेला साठा ती नष्ट करू शकत नाहीत. म्हणूनच ही औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. एका टोचणीत तिघांना पूर्ववत करणारा फ्लॉक्स यांचा प्रतिविषाणू अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेत नाही.

उलट दिशेने मात्र मोठी मजल मारली गेली आहे. रूपांतर घडवणारा विषाणूच औषधाचा वाहक झाला आहे. रोगकारक जनुके काढून टाकलेला विषाणू उपयुक्त जनुक पेशीत पोचवतो. या वाटचालीची किंमतही मोजावी लागली. १९९९ मध्ये अमेरिकेत जनुकोपचाराच्या चाचणीत जेसी गेलसिंगर या १८ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि हे संपूर्ण क्षेत्र काही वर्षे मागे गेले. त्यानंतर सावधपणे पावले टाकत संशोधक पुढे सरकले. मुंबईत आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून घडलेल्या 'नेक्सकार१९' या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. रुग्णाच्याच रक्तातील पेशी बाहेर काढून, एचआयव्हीच्या कुळातील निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साह्याने त्यांत नवे जनुक घातले जाते आणि कर्करोगाशी लढणाऱ्या या बदललेल्या पेशी पुन्हा शरीरात सोडल्या जातात. पवईतील या कामाकडे पाहिले, म्हणजे 'रूपांतर घडवणारा विषाणू' हा शब्दप्रयोग केवळ भयकथेपुरता राहत नाही.

देवीच्या दोन कोठड्या

विज्ञानाच्या कसोटीवर 'निर्वंश'ची कथा अशी अर्धीमुर्धीच उतरते. पण तिच्या शेवटी आलेला प्रश्न शंभर टक्के खरा आहे आणि त्याचे नाव देवी.

विसाव्या शतकात देवीने सुमारे ३० कोटी माणसे मारल्याचा अंदाज आहे. तिच्या तीव्र प्रकारात दहा रोग्यांमागे तिघे दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहत आणि अनेकांची दृष्टी जाई. जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ मध्ये निर्मूलनाची तीव्र मोहीम हाती घेतली. महाराष्ट्रातील भिंतीभिंतींवर तेव्हा गेरूने रंगवलेले 'देवीचा रोगी कळवा, एक हजार रुपये मिळवा' हे वाक्य अनेक ज्येष्ठांना आजही आठवत असेल. १९७४ मध्ये बिहारसह उत्तर व पूर्व भारतात देवीने हजारो बळी घेतले आणि १९७५ मध्ये देशातील शेवटचा रोगी नोंदला गेला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला.

नैसर्गिक लागण झालेला जगातील शेवटचा रोगी सोमालियातील मेर्का येथील रुग्णालयात स्वयंपाक करणारा अली माओ मालीन हा तरुण होता. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्याच्या अंगावर देवी उठल्या. तो बरा झाला. पुढे तो पोलिओ मोहिमेत राबला आणि २०१३ मध्ये ते काम करत असतानाच आजारी पडून मरण पावला. पण देवीने घेतलेला शेवटचा बळी त्याच्यानंतरचा आहे, आणि तो गावातला नाही. १९७८ मध्ये ब्रिटनमधील बर्मिंगहॅमच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करणाऱ्या एका महिला छायाचित्रकाराला देवीची लागण झाली व तिचा मृत्यू झाला. त्याच इमारतीत देवीच्या विषाणूवर संशोधन चालू होते. रोग जगातून गेला होता; कुपीतून तो परत आला.

८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर बहुतेक प्रयोगशाळांनी आपले साठे नष्ट केले किंवा सोपवून दिले. आज अधिकृतरीत्या हा विषाणू दोनच ठिकाणी आहे : अमेरिकेतील अटलांटा येथील रोगनियंत्रण केंद्रात आणि रशियात सैबेरियातील कोल्त्सोवो येथील 'व्हेक्टर' संस्थेत. तेथील साठा १९९४ मध्ये मॉस्कोहून हलवण्यात आला.

तारखा आल्या आणि गेल्या

हे दोन साठे नष्ट करण्याची शिफारस तज्ज्ञ समितीने १९८६ मध्येच केली होती. १९९३ ही मुदत ठरली, ती टळली. पुढे ३० जून १९९९ ही तारीख निश्चित झाली. तीही पुढे ढकलण्यात आली. २००२ मध्ये संशोधनासाठी साठे राखण्यास परवानगी मिळाली. साठे अखेरीस नष्ट करायचेच, हे तत्त्व मात्र कायम ठेवण्यात आले. २०११ आणि २०१४ मध्ये परिषदेत पुन्हा चर्चा झाली. तारीख ठरली नाही.

जपण्याच्या बाजूचे म्हणणे असे. १९८० च्या सुमारास जगभर देवीची लस देणे बंद झाले. त्यानंतर जन्मलेल्या कोट्यवधी लोकांना देवीपासून कोणतेही संरक्षण नाही. एखाद्या अज्ञात ठिकाणी लपवलेला साठा दहशतवाद्यांच्या वा एखाद्या सरकारच्या हाती असेल, तर औषध आणि निदानचाचण्या तयार हव्यात. त्यांची पारख खऱ्या विषाणूवरच होऊ शकते. ही शंका निराधार नव्हती. सोव्हिएत संघाने देवीचा विषाणू शस्त्र म्हणून वाढवला होता, असे त्या कार्यक्रमातील वरिष्ठ अधिकारी केन अलिबेक यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत आल्यानंतर सांगितले. संशोधनातून फळही मिळाले. 'टेकोव्हिरिमॅट' हे देवीवरील पहिले औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले आणि दुसरे २०२१ मध्ये.

नष्ट करण्याच्या बाजूचे उत्तर तितकेच धारदार आहे. देवी नाहीच म्हटल्यावर हे औषध देवीच्या रोग्यावर कोणी पारखलेले नाही. मंकीपॉक्स या देवीच्या भावंडावर काँगोमध्ये झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०२४ मध्ये आला. त्यात टेकोव्हिरिमॅटमुळे फोड लवकर बरे झाल्याचे दिसले नाही. दुसरीकडे साठ्याचा धोका कल्पनेतला नाही. जुलै २०१४ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे सरकारी संस्थेच्या एका जुन्या शीतकक्षात १९५० च्या दशकातील देवीच्या विसरल्या गेलेल्या सहा कुप्या सापडल्या. त्यांपैकी दोन कुप्यांतील विषाणू जिवंत होता. सप्टेंबर २०१९ मध्ये 'व्हेक्टर' संस्थेच्या इमारतीत दुरुस्तीच्या कामादरम्यान वायूचा स्फोट होऊन आग लागली. साठ्याला धक्का लागला नसल्याचे सांगण्यात आले. पण कुपी आहे तोवर अशा बातम्यांनी जगाचा श्वास रोखला जाणारच.

या वादाला आणखी एक पदर आहे. साठे अमेरिका आणि रशिया यांच्याकडे आहेत. शेवटच्या दशकांत देवीने माणसे मारली ती प्रामुख्याने आशिया आणि आफ्रिकेत. साठे नष्ट करा, हा आग्रह धरणाऱ्यांत विकसनशील देश पुढे राहिले, हा योगायोग नव्हे. मालिकेतही हेच घडते. ज्या जमातीने आपली माणसे गमावली, तिला विषाणूची निशाणीही नको असते. ती ठेवण्याचा निर्णय घेतो तो एक पाहुणा कप्तान, ज्याचे तिन्ही सहकारी सुखरूप परतलेले असतात.

कुपी फोडली तरी मजकूर उरतो

या प्रश्नाने २०१७ मध्ये निराळेच वळण घेतले. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे डेव्हिड इव्हान्स यांच्या चमूने घोड्यांना होणाऱ्या देवीचा विषाणू प्रयोगशाळेत तयार केल्याचे त्या वर्षी उघड झाले. डीएनएचे तुकडे व्यापारी कंपनीकडून मागवून ते जोडण्यात आले. खर्च आला सुमारे एक लाख डॉलर. माणसाच्या देवीचा विषाणू याच कुळातला. त्याचा सुमारे १ लाख ८६ हजार अक्षरांचा मजकूर १९९० च्या दशकातच वाचून प्रसिद्ध झालेला आहे. त्यातही रशियन शास्त्रज्ञांनी वाचलेल्या नमुन्याचे नाव 'इंडिया-१९६७'. भारतातील एखाद्या रोग्याच्या अंगावरचा विषाणू असा अक्षररूपाने अमर झाला आहे.

याचा अर्थ उघड आहे. अटलांटा आणि कोल्त्सोवो येथील सर्व कुप्या उद्या नष्ट केल्या, तरी देवी पुन्हा निर्माण करण्याचे ज्ञान नष्ट होणार नाही. म्हणूनच त्या दोन संस्थांखेरीज अन्य कोणीही देवीच्या जनुकसंचाचा २० टक्क्यांहून अधिक भाग बाळगू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. काहींच्या मते यामुळे कुप्या फोडण्यात अर्थ उरला नाही. याच्या नेमका उलट निष्कर्षही निघतो. मजकूर हाती असेल, तर जिवंत विषाणू बाळगण्याची गरज काय?

गुरांच्या एका रोगाने या दुसऱ्या वाटेचा धडा घालून दिला आहे. बुळकांडीने शतकानुशतके भारतासह तीन खंडांतील गोठे ओस पाडले. देवीनंतर जगातून नाहीसा झालेला हा दुसरा रोग. २०११ मध्ये तशी अधिकृत घोषणा झाली. ब्रिटनमधील पिरब्राइट संस्थेकडे या विषाणूचा फार मोठा साठा होता. तेथील शास्त्रज्ञांनी आधी नमुन्यांचा जनुकीय मजकूर वाचून नोंदवला आणि जून २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक कुप्यांचा उरलेला साठा नष्ट केला. आधी वाचा, मग जाळा, अशी ही रीत आहे. अन्य काही देशांतील बुळकांडीचे साठे नष्ट करण्याचे काम यानंतरही शिल्लक राहिले. पण स्मृती जपणे आणि धोका जपणे या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे त्यातून दिसले.

आर्चरपुढे हा पर्याय नव्हता, असे म्हणता येणार नाही. त्याच्या यानावर मजकूर वाचण्याची सोय नक्कीच होती. पण त्याचा युक्तिवाद उपयुक्ततेचा नव्हताच. एका जमातीची शेवटची खूण पुसायची नाही, एवढीच त्याची भावना होती. देवीच्या विषाणूबाबत अशी भावना कोणाच्या मनात नाही. तेथे वाद आहे तो औषधाचा, भीतीचा आणि परस्परांवरील अविश्वासाचा. अमेरिकेने आपला साठा जाळला तर रशिया जाळील का, आणि दोघांनी जाळला तर तिसऱ्या कोणाकडे तो नसेलच का, या शंकांचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही.

'निर्वंश' पाहणाऱ्याला आर्चरचा निर्णय उदार वाटतो, कारण भाग तेथेच संपतो. ती कुपी पुढे कोणाच्या ताब्यात जाईल, यानाला आग लागली तर काय होईल, हे कोणी विचारत नाही. देवीच्या कुप्यांचा भाग मात्र १९८० पासून चालूच आहे. देवीचा टोचा दंडावर मिरवणारी पिढी आता उतारवयाला लागली आहे. ज्यांच्या दंडावर ती खूण नाही, अशांची संख्या दरवर्षी वाढते आहे. कुप्यांचा निर्णय जितका लांबेल, तितकी त्यांतील विषाणूपुढे निःशस्त्र उभी असलेली माणसे वाढत जाणार आहेत. परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय पुन्हा येईल, तेव्हा किमान एवढी जाणीव सर्वांना असलेली बरी.